नातीचं नाव

चाळीसगावला ह्यांनी बॅग चारदा लटकवली ताणकाट्याला.
एकतीस वर्षं वजनमापे खात्यात गेली,
दुकानदारांच्या पारड्याखाली बोटं घालून
चिकटवलेली चिंच शोधण्यात.
तेवीस किलो म्हणजे तेवीसच.
त्यांनी बिबडे काढले,
मी ते स्वेटरच्या बाह्यांत भरून परत ठेवले.
काटा हलला.
माझ्याकडे पाहिलं, वाण्याकडे पाहायचे तसं.
दंड मात्र केला नाही.

वैजूनं तिकिटातच चाकांच्या खुर्च्या मागवलेल्या,
इंग्रजी अडू नये म्हणून.
"मला काय धाड भरलीय," म्हणत हे बसले
आणि ढकलणाऱ्या पोराला विचारत राहिले,
बाबा रे, दर खुर्चीमागे किती मिळतात तुला?
लंडनला मला ढकलायला आलेली बाई
माझ्याच वयाची. गुडघे तिचेही वाजत होते.
अर्ध्या वाटेत मी उतरले.
ती नको म्हणाली, मी नको म्हणाले,
शेवटी खुर्चीत माझी पिशवी बसली
आणि आम्ही दोघी तिच्या दोन्ही अंगांनी चाललो,
पेशंट घेऊन निघाल्यासारख्या.

त्याआधीचे नऊ तास तर सांगायचेच राहिले.
समोरच्या पडद्यावर एक इवलं विमान
कुठल्याशा समुद्रावर माशीसारखं चिकटलेलं.
पाय सुजले, चपला होईनात.
हे झोपेत म्हणाले, "सील करा, सील करा."

मग छोटं विमान. मग ॲबर्डीन.
रात्रीचे साडेदहा आणि लख्ख दिसतंय,
गाव सगळं एकाच राखाडी दगडाचं,
वर खडेमीठ भुरभुरल्यासारखं चमचमणारं.
दारात जावई, कॅलम,
वाकून नमस्कार करायला शिकलेला,
आणि त्याच्या कडेवर ती.

आता नाव सांगायलाच हवं.
त्याच्या आजीचं ठेवलंय.
लिहितात काहीतरी वेगळंच, म्हणतात मात्र आयला.
वैजूनं फोनवर कळवलं तेव्हा
हे म्हणाले, "आयला!"
ती म्हणाली, "हो बाबा, तेच."
सोनवणेबाईंना पेढा देताना
मी सांगितलं, इला.

ह्याच शब्दापायी सातवीतल्या वैजूला
ह्यांनी पन्नास उठाबशा काढायला लावल्या होत्या.
म्हणून पहिले आठ दिवस
"ए", "अगं", "बाळ" यांवर भागवलं,
मी ह्यांच्याबाबतीत बेचाळीस वर्षं भागवतेय तसं.

नवव्या दिवशी समुद्रावर गेलो.
जूनमध्ये मी कानटोपी घातलेली.
पोरगी हात सोडवून तुरुतुरु निघाली
सरळ पाण्याकडे,
आणि हे ओरडले. छातीच्या तळातून,
भर बाजारात, सगळ्यांसमोर असतं तसं,
"आयला! ए आयला! थांब!"
ती थांबली. वळली. हसली.
कुत्रं फिरवणारी एक म्हातारीही हसली,
किती गोड नाव, म्हणाली.
हे वाळूत मटकन बसले.

त्यानंतर दिवसभर तेच. जिन्यातून, न्हाणीतून,
कारण असो नसो.
निघायच्या आदल्या रात्री
ताणकाट्याला माझी शाल बांधून
तिला झोळीत तोललं.
अकरा किलो चारशे.
वहीत लिहिलं, खाली सही केली, तारीख घातली.

परतीच्या बॅगेत बिस्किटांचे डबे. भरली एकोणीस.
चार किलो कशानं भरायचे
ते दोघांनाही सुचलं नाही.

रात्री कुठेतरी, बहुतेक समुद्रावरच,
विमान एकदम दोन हात खाली गेलं.
ह्यांच्या तोंडून निघालं, "आयला."
शिवी की हाक, मी विचारलं नाही.
मीच म्हटलं, हळू, इंजिनाच्या आवाजाखाली,
उखाण्यात घेतलं होतं तेवढंच जे कधी घेतलेलं,
"भालचंद्र."

"काय?"
"काही नाही. पट्टा आवळा."