दोकुमा

बुटीबोरीच्या शेडमध्ये मशीन आलं बुर्साहून,
सोबत चारशे पानांचं पुस्तक, सगळं तुर्की.
साहेब म्हणाले, पराते, फोटो काढून विचारून घे.
मी विचारलं नाही. पोराची दुरेघी वही उचलली.

रात्रपाळीचा डबा संपला की बसतो.
इप म्हणजे दोरा.
इपलेर, दोरे. इपलेरिमिझ, आमचे दोरे.
इपलेरिमिझदेन, आमच्या दोऱ्यांतून.
आपल्याकडे काही जोडायचं तर आधी दोराच वाकतो,
'दोऱ्या' होतो, मग अंगावर घेतो.
तिकडे इप ताठच राहते,
मागे कितीही गाठी मारा.

पण कोणतीही गाठ चालत नाही.
बारीक स्वरामागे बारीक, जाडामागे जाड:
इपलेर, पण कुमाशलार, म्हणजे कापडं.
हे मला समजवावं लागलं नाही.
गोळीबार चौकातल्या आमच्या घरी
ऐंशीच्या सुतात वीसचं घुसलं
तर बाबा न पाहता बोटानंच ओळखत.

क्रियापद शेवटी. ते आपल्यासारखंच.
आणि योर, चालू कामाला लागते.
पुण्याच्या ट्रेनिंगमध्ये मी म्हटलं होतं, 'करून राहिलो ना सर',
तर अख्खा वर्ग हसला होता.
योरही कधीकाळी अख्खं क्रियापद होतं, चालणं.
झिजत झिजत प्रत्यय झालं.
त्याला कोणी हसत नसावं.

मशीनच्या दारावर लाल पट्टी: दोकुनमा.
हात लावू नको.
शब्दकोशात शोधताना माझ्याकडून 'न' सुटला
आणि सापडलं दोकुमा. विणकाम.

मा लागला की क्रियेचं नाव होते.
मा लागला की नकारही होते.
दोकुमा, विणकाम.
दोकुमा, विणू नको.
लिहिताना एकच. बोलताना फक्त जोर सरकते:
काम असेल तर शेवटावर,
मनाई असेल तर मा च्या एक पाऊल आधी.

माग विकला त्या दिवशी, लाकूड जळणाला, लोखंड किलोवर,
बाबा मला एवढंच बोलले होते.
जोर कुठं होता, आठवत नाही.

पहाटे चारला दोरा तुटला. सांधला, बटण दाबलं.
वहीत पुढची ओळ लिहिली: दोकुयोरुम.
विणून राहिलो.
खरं तर मशीन विणून राहिलं. नुसतं दोकुयोर पुरे होतं.
शेवटचा उम म्हणजे मी.
खोडला नाही.