बुडणारा मासा

जिंतूरला समुद्र नाही.
स्टँडच्या मागं आण्णाचा लेथ आहे,
पट्टा सुटला की तो शिवी देतो,
बसला की दिवसभर गप्प.

लाटणी काढली त्यानं, पलंगाचे खूर,
पाळण्याचे मोर, पोतं पोतं भोवरे.
मासा कधी नाही.

मग परसराम आला मालवणहून,
माझा धाकटा. पाव्हण्यांना गळ टाकायला नेणारी बोट,
तिच्यावर तो खलाशी.
पिशवीतून त्यानं एक लाकूड काढलं,
वीतभर, दोन्हीकडं निमुळतं, कमरेत फुटलेलं.
"ह्याच्यावर मोठी कोकर येती, आण्णा.
बाहेरचा माल हाय. एकाचे पाच हजार."
आण्णानं ते कानाशी धरून टिचकी मारली,
नारळाला मारतात तशी.

पहिला मासा म्हशीच्या हौदात सोडला.
खिळ्यासारखा गेला, नाक खाली.
दुसरा बुडालाच नाही, लाटण्याची जात.
तिसरा कुशीवर निजला
आणि म्हशीनं त्याला नाकानं ढकललं.

परसराम रात्री फोनवर सांगायचा:
बुडायचं, पण घाई नको.
आडवं बुडायचं, अंगात बारीक कापरं पाहिजे.
काठी लांब ओढली की तो नागमोडी पळतो,
मग दोर ढिला सोडायचा,
अन् तो खाली जायला लागतो, जायबंदी असल्यागत.
घास तेव्हाच पडतो, ताई.
पळताना नाही.
सोडल्यावर.

पंक्चरवाल्या मैनोद्दीननं वाटीभर शिसं दिलं,
चाकाला तोल द्यायला ठोकतात ते.
आण्णानं पळीत वितळवलं, पोटातल्या भोकांत ओतलं,
शेपटाकडं थोडं जास्त.
नाकापासून शेपटापर्यंत आरपार तार,
लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहावा म्हणून.
माझं चंदेरी नेलपॉलिश खवल्यांना गेलं,
डोळ्यांना टिकल्या.

लेथनं आण्णाचे कान खाल्ले आहेत,
म्हणून मी बोटं दाखवायचे.
तळ गाठायला तीन आकडे. तो मान हलवायचा,
शिसं कोरून काढायचा.
चार.
पुन्हा चार.
सागवानाची एक ढलपी जास्त गेली अन् सगळा दिवस वाया.

एकदा येलदरीला गेलो, हौद उथळ पडतो म्हणून.
जाळं विणत बसलेला माणूस हसला,
"ह्यानं मरळ धरता का काय?"
आण्णा म्हणाला, "समुद्राचा हाय."
तो म्हणाला, "मग इथं काहून?
हे पाणी तर पूर्णेतून गोदावरीला जायचं
अन् गोदावरी दुसऱ्याच समुद्राला."
आण्णाला ऐकू आलं नाही. मी सांगितलंही नाही.

नववा मासा.
हौदात सोडला तेव्हा संध्याकाळ होती,
म्हैस तहानलेली, दाव्याला ताण देत उभी.
तो आडवा राहिला. खाली जाऊ लागला
तापातल्या लेकराच्या पापणीसारखा थरथरत,
आणि माझी बोटं सातावर थांबली.
आण्णानं पाण्यात हात घातला नाही बराच वेळ.

दिवाळीनंतर तो कुरिअरनं परत आला.
एक टिकली गेलेली. नेलपॉलिश सोललेलं.
पोटाखालचा गळ सरळ झाला होता,
दाभणासारखा.
"सुटला," परसराम म्हणाला फोनवर,
"पण काय ओढलं, ताई! बोट फिरली थोडी.
पाव्हणा दहा मागायलाय."

आण्णानं ओरखड्यांवर अंगठा फिरवला,
पटाशीची धार बघतो तसा, आडवा.
चाळीस वर्षं लाकडावरच्या खुणा वाचल्या त्यानं,
रंधा कोणाचा, हात कोणाचा, घाई कोणाची.
ही खूण त्याला लागेना.
"हत्यार कोणतं असंल?"
मला नाही विचारलं, लाकडालाच.

दहाचं लाकूड कापायचं पडलंय.
तो मात्र हौदावर गेला, फुटका डोळा वर करून
मासा पाण्यात सोडला.
मी सवयीनं बोटं उघडली, एक, दोन,
तो बघत नव्हता माझ्याकडं.