तळण

सुदाम ओट्याशी उभा राहतो पाय फाकवून,
उलव्यात, सहाव्या मजल्यावर,
जिथली फरशी कधी हललेली नाही.
एक हात कढईच्या कानाला.
जहाजावरून तो उतरला,
नऊ महिन्यांची सवय उतरायची आहे.

गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावर शिकलाय म्हणे:
मैद्याची पोळी, उशीच्या अभ्र्याएवढी,
आत खिमा, राजमा, किसलेलं चीज.
तिथली मिरची नव्हती,
मी आगरी मसाल्याची बरणी पुढं सरकवली.
काही न बोलता त्यानं दोन चमचे घातला.

"आधी दोन्ही बाजू आत, मग गुंडाळायचं,
बाळाला दुपट्यात घेतात तसं."
ऊर्वी हसली.
तिला दुपट्यात मीच घेत होते,
तेव्हा हा सिंगापूरला.

पहिलं तेलात उघडलं.
खिमा सैरावैरा, तेल काळं,
कट्ट्यावर, टाइल्सवर, माझ्या मनगटावर एक थेंब.
करंज्यांना करते तशी मैद्याची खळ केली मी
आणि दुसऱ्याच्या कडेवरून बोट फिरवलं.
ते टिकलं.

"समुद्र खवळला की तळण बंद," तो म्हणाला,
"गॅलीतला नियमच आहे.
उकडायचं, शिजवायचं,
थांबायचं."

तो आल्यापासून सतरा दिवस
आमच्याकडे वरणभात होता, नि दुधी.
आज माळ्यावरची कढई
त्यानंच काढली.

चिमिचांगा, चिमिचांगा,
ऊर्वी गरम घास जिभेवर नाचवत म्हणते.
खिडकीत बंदरातल्या क्रेनचे लाल दिवे.

"मीठ?" तो विचारतो, वळून न बघता.
मी म्हणते, आच जरा कमी कर.