इलाइड

एडिंबराच्या तळघरात इशबेल केर्नक्रॉस
शब्दकोशाच्या चिठ्ठ्या लावते.
आज ‘इलाइड’.

लॅटिनमध्ये याच्या पोटात प्रहार होता,
वगळण्याआधी ठेचणं.
इथल्या वकिलांनी उचलला,
समोरच्याचा पुरावा बाद करायला.
मग वैयाकरण आले;
ते नुसता एखादा स्वर गिळायचे,
तोही बोलता बोलता.
हल्ली लोक दोन गोष्टींमधली फट
लिंपून टाकतात
आणि त्यालाही हाच शब्द लावतात.

उदाहरण हवं.
परवा लीथच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं,
मुलं किती?
आई म्हणाली, एक.
इशबेल खिडकीबाहेर बघत राहिली.
डूगलचा कोट अजून दारामागे आहे.

एवढं लिहून ती खोडते,
इतकं दाबून
की खालच्या कोऱ्या चिठ्ठीवर
ओरखडा उठतो.