टाइमकीपर

खोर ख्वैरच्या दगडखाणीवर मी टाइमकीपर होतो,
पत्र्याच्या खोलीत, पंख्याखाली, चार रंगांची पेनं घेऊन:
हजर निळा, गैरहजर लाल, आजारी हिरवा.
काळं पेन, जो परत येणार नाही त्याच्यासाठी.

सुरुंगाचं काम व्रेत्तोसकडे.
ग्रीक. पन्नाशी ओलांडलेली, पाठ मात्र ओळंब्यात.
एकचा भोंगा झाला की तो हात वर करी,
खाली आणी,
आणि डोंगराचा एक वाटा कोसळे.
चुन्याची धूळ बसेपर्यंत कोणाशी बोलत नसे.

बोलला तो रमजानात, काम अर्धवेळ असताना,
तेही तुकड्यातुकड्यांनी.
एकोणपन्नास साल: लेफ्टनंट, उत्तरेच्या डोंगरांत,
समोर आपलेच लोक.
एकाच्या खिशात निघालं
याच्याच गावच्या शाळेचं प्रगतिपुस्तक.
त्या चढाईचं पदक मिळालं.
सदुसष्टचा एप्रिल: मेजर. पहाटे रस्त्यावर रणगाडे;
कोणी सोडले, ते यालाही रेडिओवरूनच कळलं.
डिसेंबरात राजानं उलटा डाव टाकला, दिवसात फसला.
हा एका पुलावर पलटण थांबवून
हुकमाची वाट बघत बसलेला.
"कोणाच्या हुकमाची?" मी विचारलं.
"चौकशीत त्यांनीही हेच विचारलं."

मग एका बेटावर दोन वर्षं.
मग एक कागद: सेवेतून कमी.
मग बैरूत, कुवेत, आणि आमचं मस्टर,
नंबर एकशे बारा.

पंचाहत्तरात शिक्क्यांचं पाकीट आलं.
तिकडं सरकार पुन्हा बदललं होतं.
त्यानं अडखळत मला अर्थ सांगितला:
काढल्याचा हुकूम रद्द. सेवा अखंड धरली.
हुद्दा कर्नल, निवृत्त, मागील तारखेपासून.
म्हणजे सात वर्षांचे लाल खाने
अथेन्सात कुणी टेबलाशी बसून निळे केले होते.

"अभिनंदन, साहेब."
तो माझ्या पेनांकडे बघत राहिला.
"त्याच वर्षांत माझी बायको गेली," म्हणाला.
"त्या दिवशी मी हजर होतो, असं धरायचं?
कुठं हजर?"

देवरुखला माझी मुलगी तीन वर्षांची झालेली.
मी तिला दोन फोटोंत पाहिलेलं.
मी पंख्याचं बटण उगाच बंद केलं, चालू केलं.

दारातून तो वळला:
"कर्नल लिहू नकोस हं.
नाव बदललं की इथं पगार अडकतो."

एकचा भोंगा झाला.
खिडकीतून दिसला, हात वर केलेला.
मी सवयीनं मोजू लागलो.
वीस झाले, तीस झाले.
खालची माणसं कानांवर हात घेऊन उभी,
आणि त्याचा हात वरच.