पाऊल, चिखल, स्त्री

खेळातली बाई दलदल ओलांडते.
चित्र मंगळवारी आलं, आवाजाशिवाय :
भिजलेले केस, पाठीवर भाता,
आणि पायांखाली
नुसती मुकी हालचाल.

महाप्याला, सातव्या मजल्यावर
आमची खोलीत खोली आहे.
दार लावलं की आधी स्वतःचं रक्त ऐकू येतं,
मग शेजारच्या डेटा सेंटरची बारीक घरघर,
जी मीटरवर दिसते आणि मालकाला पटत नाही.
केयूरनं परातीत मुलतानी माती कालवली,
वर ओलं पोतं, केळ्याची सालं,
आणि तासभर चालत राहिला
हातांनी.
छान झालं. फार छान.
स्वयंपाकघरासारखं.

म्हणून मी दिवाळे गावात गेले, पहाटे चारला,
विमानं सुरू व्हायच्या आत,
पाम बीच रोडवर कांदळवनापलीकडे
गाड्या अजून मोजता येत होत्या तेव्हा.
पोशीबाई निवट्या धरायला उतरल्या.
मी मागे, लांब काठीच्या टोकाला माईक,
त्याला वाऱ्यासाठी केसाळ टोपी.
"मांजर कशाला आनलंस?" म्हणाल्या.
नंतर बोलल्या नाहीत.

चिखल पाय गिळतो त्याचा एक आवाज,
सोडतो त्याचा दुसरा,
मधे एवढीशी जागा असते
जिथे त्याचं ठरत नसतं.
चाळीस पावलं मिळाली,
आणि एक शिवी, कालव धारेला लागलं तेव्हाची.

परत येऊन ती सोलली, कोलंबीसारखी :
डोकं काढ, शेपूट काढ, मधला काळा दोरा काढ.
चौदा ठेवली.
खेळ ती पिसून वाटतो, पत्त्यांसारखी,
सातवं, मग दुसरं, मग अकरावं,
म्हणजे कानाला संशय येत नाही.
खाली थोडी परातीतली मुलतानी,
थोडं म्हशीचं रवंथ, ही केयूरची अक्कल.
परदेशातून उत्तर : सुंदर. अजून जरा जड हवं.
जड केलं.

रविवारी लॅपटॉप घेऊन पोशीबाईंच्या ओट्यावर.
त्यांचा नातू खेळत होता,
त्यांच्या डोक्यावर हेडफोन,
अंबाडा दबतो म्हणून एक कान उघडाच.
बराच वेळ ऐकलं.
डोळे मिटून नाही. माझ्याकडे बघत,
गिऱ्हाईक तराजूच्या काट्याकडे बघतं तसं.

"पाय माजाच हाय," म्हणाल्या.
"पन ही बाय चालते, जात नाय."

म्हणजे?

"बीळ दिसला का पाय हलका टाकाचा.
मंग पुरचा त्याचेन हलका.
मंग हात.
हिला बीळच दिसला नाय अजून."

नातू म्हणाला, आजी, हा खेळ आहे.
त्या म्हणाल्या, तेच सांगते.
आणि शिवी का काढली, ते विचारलं.

खेळ गेला. त्यात फारसं काही बदललं नाही.
तारीख होती, आणि त्या दलदलीत बिळं नव्हती,
चित्रकारानं ती काढलीच नव्हती.
फक्त मोडक्या पुलाजवळ, जिथे ती क्षणभर थांबते,
तिथे मी तीन पावलं लावली
ओळीनं, मूळ फितीतल्यासारखी,
एकोणतीस, तीस, एकतीस,
खाली कुठलीही माती न घालता,
आणि पुढे लिहिलं : ही पिसू नयेत.

कुणी त्या वाटेनं गेलं
तर तिला काहीतरी दिसेल.
काय, ते तिलाच माहीत.
एकतिसाव्यानंतरचा हात चित्रात नाही.
तिथे मी काही ठेवलेलं नाही.
खोलीची घरघरसुद्धा
काढून घेतली.