वाटीवरचं नाव

बर्तन बाजारात मुर्तजाभाई
मशीनचं टोक थांबवून विचारतात,
"नीव? मकानवाली नींव?"
मी म्हणते, नाही. उजेडवाली.
त्यांच्या भाषेत नीव म्हणजे तेज,
तळ्यावर ऊन पडल्यावर दिसतं तसं.
"किनकी भाषा में?"
आयर्लंडची. माझा भाऊ असतो तिथे.
ते चष्मा कपाळावर चढवतात,
चांदीची वाटी उलटी करून बघतात,
जणू तो देश तिच्या बुडाशी असेल.

चिठ्ठीवर मी पाच अक्षरं लिहून आणली आहेत :
एन, आय, ए, एम, एच.
"इसमें व कहाँ है, बहनजी?"
एम आणि एच शेजारी बसले
की आपापला आवाज सोडून देतात
आणि मिळून व होतात.
"मतलब शादी," मुर्तजाभाई म्हणतात.
हो. पण इथे दोघांनीही सोडलाय.

किरणनं आधी यादी पाठवली होती.
ओशीन : हरणाचं पाडस.
सीर्शा : स्वातंत्र्य.
टाइग : कवी. (आई म्हणाली, कवी नको. पोटाचं काय करेल?)
रोशीन : छोटा गुलाब. ही तर आपली गुलाबच झाली,
आणि गुलाबमावशी आठवून
यादीतून ती लगेच खोडली गेली.

तळाशी एक नाव होतं किरणसारखंच,
थोडं ओढून म्हणायचं, कीरॉन.
अर्थ : इवलासा काळा.
म्हणजे बाबांनी सकाळच्या उन्हात ठेवलेलं नाव
तिकडे तेरा वर्षं काळोख होऊन
बसची वाट बघतंय, कांदे आणतंय, कर भरतंय.
आई पोट धरून हसली. "सावळाच आहे की माझा."
मग हळूच : "आणि मेव्ह म्हणजे?"
झिंग आणणारी.
आई थोडा वेळ शेंगा सोलत राहिली.
"दिसतंच आहे," म्हणाली.

बाराव्या दिवशी रामबागेत पाळणा बांधला.
पाळण्यात दुपटं, दुपट्यावर फोन,
फोनमध्ये कॉर्कची सकाळ,
आणि त्या सकाळीत एक लाल, मिटलेली मूठ.
भुसारीकाकूंनी ओचा खोचला, हात मोकळे केले.
मी वाकले. आत्याचा मान माझा.
कुर्रर्र...
पाठीत दणादण धपाटे पडले,
मी नाव सांगितलं
आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं.
गोल गोल फिरणाऱ्या चकतीला
मी माझ्या भाचीचं नाव सांगत होते.
पुन्हा वाकले. पुन्हा धपाटे.
तिसऱ्या वेळी ती शिंकली.
ऐकू गेलं म्हणायचं.

मग आई पुढे झाली.
पदर सावरून फोनवर इतकी वाकली
की पलीकडे नुसता तिचा कान दिसला असेल.
बराच वेळ काहीतरी कुजबुजत राहिली.
भुसारीकाकूंचा हात वरचा वर राहिला,
आईच्या पाठीत कुणी मारायचं?

आमच्या घरच्या प्रत्येक पातेल्यावर
सौ. हेमलता.
डब्यांवर, परातीवर, तांब्यावर,
हरवलेल्या आणि चोरपोळे यांच्याकडून परत आलेल्या
त्या एका झाऱ्यावरसुद्धा.
ताम्हनातल्या तांदळात लिहून
एका संध्याकाळी ती हेमलता झाली.
त्याआधीची एकोणीस वर्षं
कुठल्याच भांड्यावर नाहीत.

रात्री विचारलं, काय सांगत होतीस?
"माझं नाव. द्वारकी.
तिला कळू दे, घरात कोण कोण आहे ते."

वाटी तयार आहे. मुर्तजाभाई फुंकर मारून
चांदीची भुकटी उडवतात.
"पाँच अक्षर हैं, पैसे तीन के दे दो,
ये दो तो बोलते ही नहीं."
मी पाचांचे देते.
नोटा मोजत ते पुटपुटतात,
नीव, नीव,
जिभेवर नवं काहीतरी ठेवून बघावं तसं,
आणि पुढचा कुकर ओढून घेतात.